बिगरहंगामी नागरिक

फुजैरा, १४ एप्रिल

ती. बापू,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही कपाटात सुरक्षित ठेवलं आहे, तेव्हा पत्रच बरं. टॅबलेटवर अक्षर मोठं करून वाचा.

बातमी अशी की मेअखेरीस आम्ही तिघं कॅरिबियनला निघालोय. सेंट क्लोव्हिस नावाचं बेट आहे. नकाशात माशी बसल्याएवढं दिसतं. तुम्ही म्हणाल, समुद्रच बघायचा तर तो तुमच्या गच्चीवरून दिसतो की. दिसतो हो, पण फुजैराचा समुद्र म्हणजे तुमच्या मुलाचं दुकान. समोर नांगर टाकून शंभरेक जहाजं उभी असतात आणि प्रत्येकाला कांदे, बटाटे, अंडी नि पीठ हवं असतं. जहाजांना किराणा पुरवणाऱ्या माणसाला समुद्र दाखवला की तो कांद्याचा भाव सांगतो. म्हणून दुसरा समुद्र.

तिकडे जायचं ते मेमध्येच, असं आमची सल्लागार हिबा म्हणते. हिबा दुबईत छत्तिसाव्या मजल्यावर बसते आणि सगळ्यांना हबीबी म्हणते. तिच्या मते थंडीतले गोरे पाहुणे एप्रिलमध्ये परत जातात, वादळं जूननंतर येतात, आणि मधले काही आठवडे बेट मोकळं आणि स्वस्त असतं. याला शोल्डर सीझन म्हणतात. हॉटेल अर्ध्या दरात मिळालं. रोजचे चारशे दिरहॅम, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपये, तेही नाश्त्यासकट. अबुधाबीजवळच्या मुसफ्फात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, सुनेत्राला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, आमच्या बेटावर ना, मे इज द बेस्ट." ती त्या बेटाला आमचं बेट म्हणते. अजून गेलेली नाही.

एक छोटं काम होतं. आमच्या लग्नाचा दाखला आणि रणजितचा जन्मदाखला वडूजच्या नगरपंचायतीतून काढून मंत्रालयाचा शिक्का मारून पाठवाल का? तिकडच्या व्हिसाला लागतात. घाई नाही, पण आठवड्यात मिळाले तर बरं.

स्वानंदी आजोबांना हॅलो सांगते.

तुमची,
विद्युल्लता

*

वडूज, २३ एप्रिल

चि. विद्युल्लता,

आशीर्वाद. पत्र मोठं करून वाचलं. इतकं मोठं झालं की एका वेळी चारच शब्द दिसत होते, त्यामुळे हिबाबाईंपर्यंत पोचायला दुपार झाली.

तुमचा तो मधला हंगाम मला चांगला ठाऊक आहे. एसटीत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. उन्हाळ्याची गर्दी सरली आणि गणपतीच्या जादा गाड्या अजून सुटायच्या असल्या की आम्ही गाड्या दुरुस्तीला काढायचो. प्रवाशाला वाटायचं, वा, आज खिडकी मिळाली. त्याला हे माहीत नसायचं की चांगली गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढवली आहे आणि त्याच्या वाट्याला आलीय ती जत्रेतून रिटायर झालेली. तेव्हा एवढंच सांगतो, तुम्ही पोचाल तेव्हा ते बेट दुरुस्तीला काढलेलं असेल.

दाखले काढले. मुंबईला जाऊन शिक्केही मारून आणले. पण नगरपंचायतीतल्या नर्मदाबाईंनी दाखला देताना मला विचारलं, "काका, पोरगा कुठल्या देशाचा होणार?" मी म्हटलं, फिरायला चाललाय. त्या हसल्या. म्हणाल्या, फिरायला जाणारे बापाला मंत्रालयात पाठवत नाहीत, हे दोन्ही दाखले एकत्र मागतात ते नागरिकत्व बदलणारे. गेल्या वर्षात तिसरा मी.

मी आडून विचारणारा माणूस नाही. तुम्ही या देशाचे राहणार आहात की नाही?

प्रकृती उत्तम. काळजी नसावी.

बापू

*

फुजैरा, ३० एप्रिल

ती. बापू,

तुमचं पत्र रणजितला दाखवलं नाही. खोटं बोलले त्याबद्दल क्षमा करा. नर्मदाबाईंचं बरोबर आहे. सेंट क्लोव्हिसचं नागरिकत्व विकत मिळतं. तिथल्या एका हॉटेलात हिस्सा घ्यायचा, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा, आणि नव्या नियमाप्रमाणे एकदा स्वतः जाऊन शपथ घ्यायची. सुनेत्रा नि तिचा नवरा राजन यांच्या वेळी हा नियम नव्हता, त्यांचा देश त्यांना कुरियरने आला. आता ते मुसफ्फाच्या वर्कशॉपमागच्या व्हिलात बसून सांगतात की आमच्याकडे कर फार कमी आहेत.

तुम्हाला रणजितचा राग येईल, पण त्याचं थोडं ऐकून घ्या. जर्मनीतल्या खाद्यमेळ्यासाठी त्याला लागोपाठ दोनदा व्हिसा नाकारला. मोठी जहाज कंपनी तिथे करार करणार होती, तो शेजारच्या खोर फक्कान बंदरातल्या एका माणसाला मिळाला. त्या माणसाकडे बेटाचा पासपोर्ट होता. त्या दिवशी रणजित गच्चीवर गेला आणि मला जहाजांचे झेंडे दाखवायला लागला. म्हणाला, "हे बघ, मालक ग्रीसचा, कॅप्टन युक्रेनचा, खलाशी आपले, आणि झेंडा कुठल्या तरी बेटाचा. त्या बेटाला याने कधी पाय लावला नाही. जहाजाला चालतं, मग मला का नाही? खलास."

आणि खरी अडचण पुढेच आहे. ज्याला व्हिसा नाकारलाय त्याने मुख्य अर्जदार होऊ नये, असं हिबा म्हणाली. म्हणून मुख्य अर्जदार मी आहे, आणि तुमचा मुलगा माझ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती. पहिली शपथ माझी. मी घेतली तर पुढे रणजित, आणि आम्हा दोघांच्या सह्या झाल्या की स्वानंदी. मी नाही म्हटलं तर सगळंच थांबलं. आणि हो म्हटलं तर आपला पासपोर्ट परत द्यायचा. आपल्या देशाला दोन चालत नाहीत.

स्वानंदीला विचारलं. ती कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ डॉक्युमेंट." तिचा जन्म इथला, शाळा इथली, आणि अठरा वर्षांची झाली की इथे राहायचं कशाच्या जोरावर हा प्रश्न. तिच्यासाठी खरंच ते डॉक्युमेंट असेल. मला मात्र रोज भांडी घासताना वाटतं की कोणीतरी माझं नाव बदलायला निघालंय. मला नको आहे बापू. पण नाही म्हणायला निघाले की त्या दिवशीचा गच्चीवरचा रणजित आठवतो. त्याचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

तुम्ही सांगाल तसं करीन. रणजितला काही विचारू नका, तो उगाच चिडून बोलेल.

विद्युल्लता

*

वडूज, ८ मे

चि. विद्युल्लता,

आशीर्वाद. मला वाईट वगैरे अजिबात वाटलेलं नाही. ते आधी सांगतो, म्हणजे तू निर्धास्त होशील.

काल आगारात सहज गेलो होतो. तिथल्या मुलांना म्हटलं, आमचा रणजित मोठा माणूस होतोय. ती म्हणाली, पेढे द्या. दिले. घरी येऊन त्याची दहावीची मार्कलिस्ट आवरायला घेतली, जागा फार अडवत होती. मग ती परत ठेवली. जेवण गेलं नाही, पण त्याला कारण उकाडा. शेजारच्या उर्मिलावहिनींनी आमटी पाठवली होती, ती सकाळी गाईला घातली. गाय माझ्याकडे बघत राहिली. यावरून मला वाईट वाटलंय असा अर्थ काढू नये.

जहाजाचं ऐकलं. मला जहाजातलं कळत नाही. आमच्या प्रत्येक गाडीवर आगाराचं नाव रंगवलेलं असायचं. गाडी पार गोव्यात बंद पडली तरी तिथला माणूस पाटी बघून वडूजला कळवायचा की तुमचं लेकरू इथे उभं आहे. एवढाच त्या नावाचा उपयोग. रणजितला तो नको असेल तर नको. त्याने आमच्याकडे बघून काही केलं असं गेल्या वीस वर्षांत मला आठवत नाही, आता तरी का करावं?

तू विचारलंस म्हणून सांगतो. माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. मी अठ्ठ्याहत्तरचा, माझ्या सोयीने तुम्ही नकाशे काढायचे नाहीत. संसार तू त्याच्याशी केलास, माझ्याशी नाही. त्याला एकट्याला त्या टेबलापाशी उभं करू नकोस. तो वरून दगड आहे, आतूनही दगडच असेल, पण तुझा आहे. घेऊन टाक शपथ.

प्रवासात छत्री ने. दुरुस्तीच्या दिवसांत टप गळतो.

बापू

*

सेंट क्लोव्हिस, २४ मे

ती. बापू,

तीन विमानं बदलून पोचलो. तुम्हाला ज्योतिष येतं हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. बेट दुरुस्तीला काढलंय. तलावाला निळा रंग देणं चालू आहे, त्यामुळे आमच्यासाठी पोहायला फक्त समुद्र आहे. पाहुणे आम्ही तिघं आणि एक डच म्हातारा, वाढपी अकरा. जेवताना अकराही जण आमच्या घासाकडे बघत उभे असतात. बाहेरच्या खानावळींवर पाट्या, नोव्हेंबरात भेटू. रोज दुपारी पाऊस येतो, आणि हॉटेलच्या मॅनेजरबाई अगदी अभिमानाने सांगतात की हा पावसाळा नाही, पावसाळा याहून मोठा असतो. छत्रीबद्दल आभार.

पण बेट देखणं आहे. आंबे वडूजपेक्षा जास्त आणि कोणी दगड मारत नाही. माणसं थांबून गुड आफ्टरनून म्हणतात, आणि उत्तर दिलं नाही तर त्यांना खरंच वाईट वाटतं. आम्ही पहिल्या दिवशी नाही दिलं. दुबईत अनोळखी माणूस हसला की तो काहीतरी विकतोय असं धरून चालायचं असतं, ती सवय.

तुमच्या चिरंजीवांनी उतरल्या उतरल्या टॅक्सीवाल्याला विचारलं, "इथला पीआरओ कोण?" आमच्याकडे प्रत्येक कंपनीचा एक माणूस असतो, तो सरकारी खिडक्यांवर जाऊन सगळ्यांची कामं करून आणतो, मालकाने कधी खिडकी बघायची नसते. टॅक्सीवाल्याला कळेना. रणजितने समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, इथे ज्याचं काम असतं तो जातो. रणजितला हे फार मागासलेलं वाटलं. शिवाय खजुराचे बारा डबे आणलेत, साहेब लोकांना द्यायला. पासपोर्ट कचेरीतल्या बाईंनी शुक्रवारी डबा बघून विचारलं, हे कशासाठी? रणजित म्हणाला, रिस्पेक्ट. त्यांनी डबा उघडून सगळ्या रांगेत वाटून टाकला आणि आम्हाला रांगेच्या शेवटी उभं केलं.

आमचा हिस्सा असलेलं हॉटेलही बघून आलो. खड्डा आहे. पाटी मात्र मोठी, तिच्यावर काचेची इमारत नि हसणारी माणसं. खड्ड्यात एक बकरी चरत होती. स्वानंदी म्हणाली, "डॅड, विच पार्ट ऑफ द गोट इज आवर्स?" रणजित हसला नाही. हिबाला फोन लावला तर ती म्हणाली, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी.

एक गोष्ट सांगायची राहिली. इथे जो तो विचारतो, तुम्ही कुठले? मी म्हणते, इंडिया. स्वानंदी म्हणते, दुबई. रणजित माझ्याकडे बघतो. मला वाटतं त्याला बकरीची काळजी लागली आहे.

उद्या सोमवारी कसलीशी सुट्टी, परवा शपथ. मी ठरवलं आहे. तुम्ही लिहिलंत तसं त्याला एकट्याला उभं करणार नाही. मी घेणार. काल न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं, म्हणजे परवा टेबलापाशी रडायला नको.

विद्युल्लता

*

फुजैरा, ३ जून

ती. बापू,

हे पत्र सावकाश वाचा. दोनदा वाचा हवं तर.

गेल्या आठवड्यात, ठरल्या मंगळवारी आम्ही कचेरीत गेलो. शपथेची खोली म्हणजे एक पंखा, एक झेंडा आणि त्या खजूर वाटणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, घाई करू नका, शपथ घाईत घेत नाहीत. मी हात वर केला, त्या सांगतील तसं म्हणत गेले. सही केली. बाईंनी हात हातात घेऊन म्हटलं, वेलकम होम. अकरा मिनिटांपूर्वी मला त्यांचं नावही माहीत नव्हतं, पण त्यांनी ते इतकं मनापासून म्हटलं की मी थँक यू म्हटलं.

मग रणजित. त्याने हात वर केला. बाईंनी आधी नाव विचारलं, मग जन्मगाव. तो म्हणाला, वडूज. त्यांनी लिहून घेतलं आणि सहज, बोलायचं म्हणून विचारलं की हे गाव कसं आहे, काय आहे तिथे. बापू, मी वीस वर्षं या माणसाबरोबर आहे. त्याने गावाबद्दल चार वाक्यं सलग बोललेली मला माहीत नाहीत. हात तसाच वर ठेवून तो सांगायला लागला. तिथे बसस्टँड आहे, माझे वडील नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायचे. शाळा सुटली की मी त्या खोलीत टेबलाखाली बसून अभ्यास करायचो. सगळ्या गावाला वडिलांचा आवाज माहीत होता. दहिवडी, फलटण, सातारा. तुमची ती घोषणा त्याने तिथे मराठीत म्हणून दाखवली, फलाट क्रमांकासकट. बाई ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, फार छान, आता माझ्या मागून म्हणा.

रणजितने हात खाली घेतला.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

बाईंनी पेन ठेवलं आणि काहीही न विचारता त्याच्यासाठी पाणी मागवलं. तो बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. मी गेले तर माझ्यावरच ओरडला, "तू का घेतलीस? मला वाटलं तू ऐनवेळी नाही म्हणशील. तू नाही म्हणालीस की मला सुटता येईल म्हणून तर मी गप्प होतो." मी म्हटलं, मी तुझ्यासाठी घेतली. मग आम्ही दोघंही पावसात बसलो. स्वानंदी दारात उभी होती. प्रथमच इअरफोन काढून म्हणाली, "सो नाऊ ओन्ली ममा इज फॉरेन?"

तर बापू, हिशेब असा आहे. तुमचा मुलगा भारतीय, नात भारतीय, आणि जिला नको होतं ती मी एकटी सेंट क्लोव्हिसची. हिबा म्हणते, रद्द करून आपलं परत मिळवायला वर्षं लागतात, मिळालंच तर. पुढच्या आठवड्यात जाऊन माझा पासपोर्ट परत द्यायचा आहे. सुनेत्राने केक पाठवला, त्यावर त्या बेटाचा झेंडा. म्हणाली, आता तू आमच्यातली. रणजितने केक कापलाच नाही, जहाजावर पाठवून दिला. माझ्याशी तो फार जपून बोलतो, मी घरात पाहुणी असल्यासारखं. त्याचंच मला जास्त लागतं. काल मी मुद्दाम भांडण काढलं तर म्हणाला, तुझं बरोबर आहे.

गणपतीला नेहमीसारखं येणार होतो. आता मला व्हिसा काढून यावं लागेल. वडूजला यायला व्हिसा. येऊ का, असं विचारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

विद्युल्लता

*

वडूज, ११ जून

चि. विद्युल्लता,

आशीर्वाद. पत्र दोनदा नाही, बऱ्याचदा वाचलं. फलाट क्रमांकापाशी दर वेळी थांबावं लागलं. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो. त्या पोराला टेबलाखाली अंधार पडायचा म्हणून मी घोषणा मोठ्याने करत होतो, हे त्याला कधी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस, नाहीतर कामावर जाणार नाही.

पण तुझी जी गत झाली ती माझ्या सल्ल्याने झाली. म्हणून तुझ्या बाबतीत स्वस्थ बसता येईना. चौकशी केल्यावर कळलं की परदेशी नागरिक घरी उतरला की घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं. मी नियमाचा माणूस. तू यायला तीन महिने आहेत, पण आमच्या पोलीस ठाण्यात ऐनवेळी कागद नसतात, म्हणून आजच जाऊन आलो. यंत्र कानात घालून गेलो होतो, त्यांचा एक शब्द चुकायला नको.

हवालदाराने माहिती विचारून घेतली. परदेशी व्यक्तीचं नाव सांगितलं. राष्ट्र सांगितलं, ते त्याने नकाशात शोधलं आणि सोडून दिलं. मग त्याने विचारलं, भेटीचा उद्देश काय? पर्यटन, व्यापार, उपचार की इतर?

मी म्हटलं, इतर. माहेरपण.

तो म्हणाला, "काका, सून सासरी येणार ना? मग माहेरपण कसलं?"

मी म्हटलं, "तिचे आईवडील राहिले नाहीत, आणि देश तिने माझ्या मुलासाठी सोडला. आता माझं घर तिचं सासर ठेवून चालायचं नाही. लिहा तसंच."

त्याने लिहिलं.

नवऱ्याला आणायचं की नाही ते तू ठरव.

बापू